तुसाची राख, अ‍ॅल्युमिना आणि अल्कोहोल: उत्प्रेरकाच्या पृष्ठभागाची आम्लता नेमकी किती हवी?

वैनगंगाकाठ

नमस्कार मंडळी. गोंदिया जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पदवी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. यंदा आमच्या एमएस्सीच्या काही मुलींनी प्रकल्पासाठी धातूंच्या ऑक्साइडांची आम्लता आणि तिचा अल्कोहोलवर होणारा परिणाम हा विषय घेतलाय. त्यांच्या मसुद्यात एक वाक्य जागोजागी येतं: "आम्लता जितकी जास्त, तितका उत्प्रेरक चांगला." गाइडांमध्ये, नोट्समध्ये सगळीकडे हेच असतं, त्यामुळे त्यांना बोल लावत नाही. पण ते वाक्य मला मान्य नाही. का नाही ते इथे मांडते, जाणकारांनी भर घालावी.

अ‍ॅल्युमिना म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड. त्याचं सगळ्यांच्या ओळखीचं रूप गॅमा-अ‍ॅल्युमिना घेऊ. बोहमाइट (अ‍ॅल्युमिनियमचं पाणीयुक्त ऑक्साइड) साधारण ४५०-५०० अंश सेल्सियसला भाजलं की ते मिळतं. त्याच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल (OH) गट दाटीने बसलेले असतात. आणखी तापवलं की शेजारचे दोन हायड्रॉक्सिल मिळून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि मागे एक ऑक्सिजन व एक उघडा पडलेला अ‍ॅल्युमिनियम उरतो. या अ‍ॅल्युमिनियमभोवती जितके ऑक्सिजन हवेत तितके नसतात, म्हणून तो इलेक्ट्रॉनच्या जोडीसाठी आसुसलेला असतो. ही लुईस आम्ल जागा. अल्कोहोलचा ऑक्सिजन आपली मोकळी जोडी घेऊन तिथेच येऊन बसतो.

पण नुसतं बसून निर्जलीकरण होत नाही. पाणी जायचं तर शेजारच्या कार्बनवरचा एक हायड्रोजन कुणीतरी उचलावा लागतो, आणि ते काम शेजारचा ऑक्सिजन करतो, जो आम्लारी आहे. म्हणजे अ‍ॅल्युमिनावर अल्कोहोलचं इथिलीन होतं ते आम्ल आणि आम्लारी अशा जोडजागेवर. पुस्तकात "आम्ल-उत्प्रेरित" एवढंच छापलेलं असतं आणि त्यातला अर्धा भाग गळून जातो.

दुसरी जात ब्रॉन्स्टेड जागेची, म्हणजे प्रोटॉन देणाऱ्या जागेची. सिलिकाच्या जाळ्यात एका सिलिकॉनच्या जागी अ‍ॅल्युमिनियम बसला की एक ऋणभार शिल्लक राहतो. तो भागवायला सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मधल्या ऑक्सिजनवर प्रोटॉन येतो. हा प्रोटॉन अल्कोहोलला सहज दिला जातो. झिओलाइटची, म्हणजे बारीक छिद्रांच्या अ‍ॅल्युमिनियम-सिलिकेट स्फटिकांची, ताकद याच्यातच आहे. शुद्ध सिलिकावर हायड्रॉक्सिल भरपूर असले तरी ते इतके दुबळे असतात की त्यांच्या भरवशावर अल्कोहोल फारसं हलत नाही.

आता तापमान. अ‍ॅल्युमिनावर इथेनॉल साधारण २५० अंशांच्या आसपास असेल तर डायइथिल इथर जास्त मिळतं, ३०० च्या वर चढत गेलं की इथिलीनचा वाटा वाढतो. इथर होताना उष्णता बाहेर पडते, इथिलीन होताना ती द्यावी लागते, म्हणून तापमानाचा कौल इथिलीनकडे जातो. तेच इथेनॉल मॅग्नेशियम ऑक्साइडवर सोडलं तर पाणी निघण्याऐवजी हायड्रोजन निघण्याकडे कल जातो आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड दिसू लागतं. रेणू एकच, पृष्ठभाग बदलला की वाट बदलते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑक्साइडांची वर्गवारी याच निकषावर केली होती: कोणतं पाणी काढतं, कोणतं हायड्रोजन काढतं, कोणतं दोन्ही करतं. १९१२ चं नोबेल त्यांना ग्रिन्यार यांच्यासोबत मिळालं ते हायड्रोजनीकरणासाठी, पण अल्कोहोलवरचं त्यांचं हे काम मला तितकंच मोलाचं वाटतं.

आमच्या भागात राइस मिलांचा तूस रग्गड. त्याच्या राखेतून सिलिका काढायची, तिच्यावर अ‍ॅल्युमिनियम चढवायचं आणि आम्लता कशी बदलते ते पाहायचं असा मुलींचा बेत आहे. आमच्याकडे मफल फर्नेस आहे, साधी नळीची भट्टी आहे, जुनं जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं) आहे. बाकी मोठी उपकरणं नाहीत. एवढ्या साहित्यात आम्लतेबद्दल खात्रीने काय सांगता येईल?

---

पळसफूल

मॅडम, धागा जपून ठेवला. मी ब्रह्मपुरीकडची, एमएस्सी दुसऱ्या वर्षाला. एक शंका आहे. आम्हाला वर्गात शिकवलं की तीव्र आम्लावर मधे कार्बोकॅटायन (कार्बनवर धनभार असलेला आयन) तयार होतो, म्हणून तृतीयक अल्कोहोल सर्वांत लवकर, मग द्वितीयक, मग प्राथमिक. मग आम्लता वाढवली की प्राथमिक अल्कोहोललाही ते सोपं जाईल ना? मग जास्त आम्लता वाईट कशी?

---

वैनगंगाकाठ

पळसफूल, वेग वाढेल यात वादच नाही. प्रश्न पुढे काय होतं त्याचा आहे. मेथेनॉलचं उदाहरण घे. गॅमा-अ‍ॅल्युमिनावर मेथेनॉलचं डायमिथिल इथर होतं आणि तिथेच थांबतं. औद्योगिक डायमिथिल इथरसाठी ते वापरतात ते याच गुणामुळे. तेच मेथेनॉल झेडएसएम-५ झिओलाइटच्या तीव्र ब्रॉन्स्टेड जागांवर पुरेशा तापमानाला गेलं की इथरवर थांबत नाही. त्याची ओलेफिनं (दुहेरी बंध असलेली हायड्रोकार्बनं) होतात, त्यांची साखळी वाढते, वलयं तयार होतात आणि थेट पेट्रोलच्या पट्ट्यातली हायड्रोकार्बनं बाहेर येतात. न्यूझीलंडमध्ये १९८० च्या दशकात याच रीतीने मेथेनॉलपासून पेट्रोल करणारा कारखाना उभा राहिला होता. पेट्रोल हवं असेल तर ही तीव्र आम्लता वरदान. इथर हवं असेल तर तीच आम्लता तुझं उत्पादन खाऊन टाकते. त्यामुळे आधी हवंय काय ते ठरवायचं, आम्लता त्यानंतर.

---

जुना_उत्प्रेरकवाला

वैनगंगाकाठ मॅडम, मांडणी आवडली. नागपुरात संशोधनात उमेदीची वर्षं गेली, आता निवृत्त आहे. तुमच्या मुलींसाठी थोडं सविस्तर लिहितो.

"आम्लता" या एका शब्दात तीन गोष्टी कोंबल्या जातात. जागा किती आहेत, त्या किती तीव्र आहेत आणि त्या लुईस जातीच्या आहेत की ब्रॉन्स्टेड. प्रबंधांमध्ये अमोनिया चिकटवून तापमान वाढवत तो सोडवण्याचा आलेख देतात. त्यात कमी तापमानाला सुटणारा अमोनिया दुबळ्या जागांचा, जास्त तापमानाला सुटणारा तीव्र जागांचा. संख्या आणि तीव्रता यांचा अंदाज यातून येतो. पण अमोनिया दोन्ही जातींवर बसतो, त्यामुळे जात कळत नाही.

जात कळते पिरिडिनने. इन्फ्रारेड आलेखात लुईस जागेवर बसलेलं पिरिडिन १४५० प्रति सेंटिमीटरच्या आसपास पट्टा देतं, प्रोटॉन घेतलेलं पिरिडिन १५४५ च्या आसपास, आणि १४९० चा पट्टा दोघांचा सामाईक. नमुना निर्वातात तापवून कोरडा करायचा, मग पिरिडिनची वाफ द्यायची, मग १५०, २५०, ३५० अंशांना निर्वात करत कोणता पट्टा किती टिकतो ते पाहायचं. टिकणारा पट्टा तीव्र जागेचा.

इथे एक कळकळीची सूचना. उघड्या हवेत भुकटीवर पिरिडिनचे थेंब टाकायचे, पोटॅशियम ब्रोमाइडच्या गोळीत दाबायचं आणि त्या आलेखावरून लुईस-ब्रॉन्स्टेडचं प्रमाण छापायचं, असं करू नका. हवेतलं पाणी लुईस जागांवर आधीच बसलेलं असतं आणि त्यातून ब्रॉन्स्टेडसारखे हायड्रॉक्सिल तयार होतात. वर ब्रोमाइडमधला पोटॅशियम पृष्ठभागावरच्या प्रोटॉनची जागा घेऊ शकतो. म्हणजे जे मोजायला निघालो तेच मोजताना बदलून टाकलं. उपकरण नसेल तर हे माप देऊच नका. त्याने प्रकल्पाला कमीपणा येत नाही.

तुमच्याकडे जीसी आणि नळीची भट्टी आहे ना? मग तुमची खरी चाचणी आयसोप्रोपेनॉल आहे. आम्ल जागांवर त्याचं प्रोपिलीन होतं, आम्लारी जागांवर अ‍ॅसिटोन. इथेनॉलपेक्षा ते कमी तापमानाला चालतं, दोन वाटा स्वच्छ वेगळ्या दिसतात, आणि महाविद्यालयांना इथेनॉलसाठी लागणारी परवान्याची कागदपत्रं इथे लागत नाहीत. पृष्ठभाग कसा आहे ते उपकरणाऐवजी रेणूलाच विचारायचं.

मात्र चाचणी नायट्रोजनमध्ये करा. व्हॅनेडियम किंवा मॉलिब्डेनमच्या ऑक्साइडांवर हवा असली की अ‍ॅसिटोन ऑक्सिडीकरणाने येतो. त्यात आम्लारीपणाचा काही संबंध नसतो. हवेत मिळालेला अ‍ॅसिटोन पाहून "पृष्ठभाग आम्लारी आहे" असं लिहिलेलं मी कितीतरी वेळा तपासणीत परत पाठवलंय.

---

गिरणीवाला

मॅडम, मी काही केमिस्ट्रीवाला नाही जी. राइस मिलवर बॉयलर पाहतो, आमगावकडं. धाग्यात तुसाचं नाव दिसलं म्हणून वाचलं, निम्मं समजलं. मले हे सांगा, आमच्या राखेत असं काय आहे का तुमाले ते कामाचं वाटते? इकडं तर राख ट्रॅक्टरनं भरभरून बाहेर टाकतात, काही वीटभट्टीवाले नेतात. अन् दुसरं, राख एकसारखी नसते. कधी काळी निघते, कधी करडी, कधी पार पांढरी. जाळात तनस मिसळलं त जाळीवर काचेसारखे खडे धरतात, सब्बल घेऊन फोडा लागतात. तुमाले कोनती राख पायजे?

---

वैनगंगाकाठ

गिरणीवाले भाऊ, तुमचा हा प्रतिसाद या धाग्याला फार उपयोगाचा आहे.

क्विंटलभर धान भरडलं की साधारण २० किलो तूस निघतो. तो पूर्ण जाळला तर ४ किलोच्या आसपास राख उरते, आणि तिच्यातला बहुतेक भाग सिलिका असतो. धानाचं रोप जमिनीतली विरघळलेली सिलिका मुळांवाटे घेतं आणि तुसात साठवतं. वाळूत असते तीच सिलिका. फरक असा की वाळूतली स्फटिक झालेली, घट्ट; तुसातली बेताने जाळली तर अस्फटिक, सच्छिद्र राहते. उत्प्रेरकाला अशीच लागते, कारण आतबाहेर पृष्ठभाग भरपूर मिळतो.

काळी राख म्हणजे कार्बन पुरता जळला नाही. तो मफलमध्ये पुन्हा जाळता येतो. पार पांढरी, दाणेदार राख बहुधा फार तापलेली असते. ७०० अंशांच्या बरंच वर गेलं की सिलिका स्फटिक व्हायला लागते आणि पृष्ठभाग घटतो. आणि जाळीवरचे ते काचेसारखे खडे, ते पोटॅशियममुळे. तणसात पोटॅशियम तुसापेक्षा बरंच जास्त असतं. ते सिलिकेचा वितळणबिंदू खाली आणतं, म्हणून खडे धरतात.

हाच पोटॅशियम आमचा मुख्य शत्रू आहे. ब्रॉन्स्टेड जागेवरचा प्रोटॉन हाकलून पोटॅशियम तिथे बसला की ती जागा अल्कोहोलसाठी मेली. सोडियमचंही तसंच. म्हणून आम्हाला राखेपेक्षा तूस दिलात तर जास्त बरं. तूस आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळायचा, धुवायचा, म्हणजे पोटॅशियम निघून जातं. मग ६०० अंशांच्या आत जाळायचा. हे जाळण्याआधीच करावं लागतं. एकदा पोटॅशियम वितळून सिलिकेत अडकलं की धुऊन नीट निघत नाही.

---

गिरणीवाला

म्हणजे तुमाले बिना जाळलेला पायजे. तूस केवढाही घेऊन जा जी, पोतं घेऊन या फक्त. नवीन धानाचा वेगळा अन् जुन्याचा वेगळा ठेवतो. याच्यातून आमाले पुढं काही पैसा मिळन का, तेही सांगा.

---

कनकी_ते_इंधन

गिरणीवाले भाऊंच्या प्रश्नाला उत्तर देतो. मी धान्यापासून इथेनॉल करणाऱ्या एका कारखान्यात केमिस्ट आहे, विदर्भातच. उत्प्रेरकासाठी लागणारा माल किलोंमध्ये असतो, त्यामुळे त्यातून गिरणीला मोठं उत्पन्न होईल असं आज म्हणता येणार नाही. पण बेताने जाळलेल्या तुसाच्या राखेला पोलाद कारखान्यांत वितळलेल्या धातूवर उष्णतारोधक थर म्हणून आणि सिमेंट-काँक्रीटमध्ये मिसळायला मागणी असते. तिथेही राख कशी जाळली यावरच भाव ठरतो.

आता धाग्याच्या विषयाकडे. आमच्याकडे कनकी (तांदळाचे तुकडे) आणि मक्यापासून इथेनॉल होतं आणि सगळं पेट्रोलात मिसळायला जातं. इथेनॉलचं इथिलीन केलं तर पुढे प्लास्टिक, ग्लायकॉल, विमानाचं इंधन अशा वाटा उघडतात. ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलपासून पॉलिइथिलीन २०१० पासून मोठ्या प्रमाणावर निघतं. आपल्याकडे उत्तराखंडातल्या काशीपूरला मळीच्या इथेनॉलपासून ग्लायकॉल करतात. विदर्भात हे का होऊ नये, हा प्रश्न माझ्या मनात नेहमी येतो.

हिशेब मात्र कडक आहे. ४६ ग्रॅम इथेनॉलमधून जास्तीत जास्त २८ ग्रॅम इथिलीन आणि १८ ग्रॅम पाणी. म्हणजे एक किलोतून सहाशे ग्रॅमच्या थोडं वर, तेही शंभर टक्के जमलं तर. म्हणून इथर, अ‍ॅसिटाल्डिहाइड, ब्युटीन यांत जाणारा प्रत्येक टक्का बोचतो, आणि तो टक्का ठरतो पृष्ठभागाच्या आम्लतेवर. अ‍ॅल्युमिनाधारित उत्प्रेरक ३५० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात चालवतात. सोबत वाफ सोडतात. अभिक्रिया उष्णता खाते, ती वाफ पुरवते, आणि उत्प्रेरकावर कोक (कार्बनचा काळा थर) कमी धरतो. झिओलाइट याहून बरंच कमी तापमानाला तेच काम करतात, इंधन वाचतं. पण तीव्र जागांवर इथिलीन एकमेकांना जोडलं जाऊन कोक लवकर धरतो.

मला जाणकारांना विचारायचंय की पाण्याचं काय. आमच्या इथेनॉलमधलं शेवटचं पाणी काढायला बराच खर्च येतो. इथिलीनसाठी ते काढलंच नाही तर आम्ल जागा टिकतील का?

---

जुना_उत्प्रेरकवाला

पाणी सगळ्या जागांशी सारखं वागत नाही. अ‍ॅल्युमिनाच्या लुईस जागेवर पाणी आणि अल्कोहोल यांची जागेसाठी चुरस असते. कमी तापमानाला पाणी जिंकतं आणि वेग पडतो. तापमान वाढलं की पाणी सुटतं आणि जागा पुन्हा मोकळी होते. ४०० च्या आसपास चालवणाऱ्यांना म्हणूनच वाफ सोडणं परवडतं. पाण्याचा हा अडथळा कायमचा नाही, नमुना कोरडा करून तापवला की उतरतो. फार जास्त तापमानाला वाफ मात्र पृष्ठभागच आटवते, ते नुकसान भरून येत नाही.

पाण्यात टिकणारी आम्लता पाहायची तर निओबिक आम्ल पाहावं, म्हणजे पाणीयुक्त निओबियम ऑक्साइड. बहुतेक तीव्र घन आम्लं पाण्यात ढेपाळतात, हे बऱ्यापैकी टिकतं. मात्र तेही ५०० अंशांच्या वर भाजलं की स्फटिक होऊन आम्लता गमावतं. भाजण्याचं तापमान हा नुसता प्रयोगातला तपशील नसतो, आम्लता त्याच्यावर ठरते. अ‍ॅल्युमिनाही ११०० च्या वर नेलं की अल्फा रूपात जातं, पृष्ठभाग आटतो आणि अल्कोहोलसाठी ते जवळपास निकामी होतं.

तुमच्या कारखान्यासाठी पाण्याहून जास्त काळजीची बाब म्हणजे नायट्रोजन असलेली आम्लारी अशुद्धी. ती आम्ल जागेवर बसली की सहज उठत नाही. उत्प्रेरक घेण्याआधी आपलं इथेनॉल त्यासाठी तपासून घ्या.

---

पऱ्हाटी

यवतमाळहून. मी अभियांत्रिकीचा, पण विषय आवडीचा. तीव्र जागेचं दुखणं मला असं समजलंय: पावसाळ्यात आमच्या काळ्या रानात पाय जसा रुततो तसा रेणू तिथे रुततो. बसायला वेळ लागत नाही, निघायला लागतो, आणि निघेपर्यंत त्याच्यावर आणखी दोघं येऊन चिकटतात. कोक म्हणजे हेच ना? की आणखी काही?

---

जुना_उत्प्रेरकवाला

हेच. ओलेफिन प्रोटॉन घेऊन चिकटतं, दुसरं त्याला जोडलं जातं, हळूहळू हायड्रोजन गमावत वलयांचा काळा थर होतो. पांढरं अ‍ॅल्युमिना नळीतून करडं-काळं बाहेर येतं ते त्यामुळेच. हवेत ५००-५५० अंशांना जाळलं की ते पुन्हा पांढरं होतं आणि बहुतेक जागा परत मिळतात. आधी नायट्रोजनने अल्कोहोलची वाफ पूर्ण हाकला, मगच हवा सोडा.

जाता जाता जातीबद्दल आणखी एक उदाहरण, कारण ते मला फार बोलकं वाटतं. ग्लिसरॉल हेही अल्कोहोलच, तीन हायड्रॉक्सिलचं. ब्रॉन्स्टेड जागेवर त्याच्या मधल्या कार्बनवरचं हायड्रॉक्सिल जातं आणि शेवटी अ‍ॅक्रोलीन मिळतं. लुईस जागेवर कडेचं जातं आणि हायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन मिळतो. अमोनियाच्या आलेखात दोन्ही उत्प्रेरकांचा आकडा सारखा आला तरी बाटलीत पदार्थ वेगळे.

आणि आम्लता जाणूनबुजून कमी ठेवायची असते त्याचं उदाहरण म्हणजे लेबेदेव यांची रीत. १९३० च्या दशकात सोव्हिएत रशियात इथेनॉलपासून ब्युटाडाईन आणि त्यापासून कृत्रिम रबर काढत. पुढे त्यासाठी मॅग्नेशियम ऑक्साइड आणि सिलिका यांची जोडी सर्वाधिक अभ्यासली गेली. आधी हायड्रोजन काढून अ‍ॅसिटाल्डिहाइड, मग दोन रेणूंची जोडणी, मग पाणी काढणं. यातल्या काही पायऱ्यांना आम्लारी जागा लागतात, काहींना आम्ल. आम्लता थोडी वर गेली की इथेनॉल पहिल्याच पायरीवर इथिलीन होऊन पळून जातं. दोन्ही ऑक्साइडं किती ओली असताना आणि कशी घोटली यानेसुद्धा फरक पडतो.

---

पळसफूल

सर, आम्हीही आमच्या कॉलेजात आयसोप्रोपेनॉलची चाचणी करणार आहोत. आमच्याकडे जीसी नाही. प्रोपिलीन आणि अ‍ॅसिटोन वेगळे ओळखायला साध्या परीक्षा चालतील का? अ‍ॅसिटोनसाठी आयोडोफॉर्म चाचणी घ्यायचं ठरलंय.

---

वैनगंगाकाठ

आयोडोफॉर्म नको गं! आयसोप्रोपेनॉल स्वतःच ती परीक्षा देतं. आयोडीन आणि अल्कलीत त्याचा आधी अ‍ॅसिटोन होतो आणि पिवळा साका पडतो. म्हणजे उत्प्रेरकाने काहीच केलं नसलं तरी तुझी नळी पिवळी दिसेल. २,४-डीएनपी घे. ते फक्त कार्बोनिलशी बोलतं, अल्कोहोलशी नाही. बर्फात थंड केलेल्या नळीत जो द्रव जमतो त्याचे थेंब घ्यायचे, अ‍ॅसिटोन असेल तर पिवळा-नारिंगी साका येतो.

प्रोपिलीनसाठी बाहेर येणारा वायू ब्रोमीनच्या पाण्यातून नेता येतो. पण त्याआधी तो थंड पाण्याच्या बाटलीतून धुऊन घे, कारण अ‍ॅसिटोनची वाफ पोचली तर तीही ब्रोमीन हळूहळू खाते आणि रंग उडण्याचा अर्थ लागत नाही. ब्रोमीन फ्यूम हूडमध्येच. आणि वायू पाण्यावर गोळा करत असाल तर भट्टी बंद करण्याआधी नळी पाण्याबाहेर काढायची. नाहीतर आत पोकळी होते, पाणी उलटं ओढलं जातं आणि तापलेली काच तडकते.

या परीक्षांनी "आहे की नाही" कळेल, "किती" ते नाही. आकडे हवे असतील तर नमुने काचेच्या बंद नळ्यांत घेऊन आमच्याकडे ये, आमचं जीसी वापर.

---

अकोलेकर_ताई

एक काळजीचा मुद्दा. इथेनॉलवर प्रयोग करणार असाल तर इथर तयार होणार, आणि त्याचा उत्कलनबिंदू ३४.६ अंश आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीचंच तापमान त्याच्या वर असतं. बर्फ वितळलं की जमलेलं इथर वाफ होऊन टेबलावरून खाली उतरतं, हवेपेक्षा जड असतं ते. खाली हॉटप्लेट किंवा स्पिरिटचा दिवा असेल तर पुढचं सांगायला नको. इथरचे प्रयोग हिवाळ्यातच उरका. आणि उरलेलं इथर बाटलीत साठवू नका, पेरॉक्साइड धरतात.

---

जुना_उत्प्रेरकवाला

ताईंशी पूर्ण सहमत. आपल्या हवामानाचा आणखी एक फटका बसतो, तो आकड्यांना. महाविद्यालयांमध्ये आयसोप्रोपेनॉल भट्टीत पाठवायला नायट्रोजन त्याच्यातून बुडबुडत नेतात. २० अंशांना त्याचा बाष्पदाब साधारण ३३ मिलिमीटर पारा असतो, ४० अंशांना १०० च्या वर जातो. म्हणजे जानेवारीत केलेला प्रयोग आणि एप्रिलमध्ये केलेला प्रयोग यांत उत्प्रेरकावर जाणारं अल्कोहोल तिपटीने वेगळं. मग आम्लतेचा परिणाम म्हणून जो मांडाल तो उन्हाचा परिणाम निघेल. ती बाटली बर्फ-पाण्यात बुडवून ठेवा, मे महिना असो की डिसेंबर.

रूपांतर दहा टक्क्यांच्या आत ठेवा. ९५ टक्के रूपांतरावर सगळे उत्प्रेरक सारखेच दिसतात. आणि तुलना ग्रॅमवर करू नका, शक्य असेल तर पृष्ठभागाच्या चौरस मीटरवर करा. पृष्ठभाग मोजून देणारं कुणी विद्यापीठात सापडेल.

हॅमेट निर्देशक (आम्लाच्या तीव्रतेनुसार रंग बदलणारी द्रव्यं; आकडा जितका खाली तितकं आम्ल तीव्र) आणि एन-ब्युटिलअमाइनचं अनुमापनही तुम्हाला जमण्यासारखं आहे. मिथिल रेड ४.८ ला, डायमिथिल यलो ३.३ ला, डायसिनॅमलअ‍ॅसिटोन उणे ३ ला रंग बदलतं. कोणता निर्देशक आम्ल रंग दाखवतो त्यावरून तीव्रता कळते, अमाइन किती लागलं त्यावरून संख्या. जुन्या पुस्तकांत विद्रावक म्हणून बेंझीन लिहिलंय, ते घेऊ नका, सायक्लोहेक्झेन घ्या. नमुना पांढरा असला पाहिजे, लोखंडाच्या ऑक्साइडवर रंग दिसणार नाही. आणि भाजलेला नमुना शोषपात्रातच थंड करा. ऑगस्टमध्ये उघड्यावर ठेवला तर बघता बघता ओलावा धरतो आणि तीव्र जागा आधी झाकल्या जातात.

---

वैनगंगाकाठ

सर, मनापासून आभार. मुलींशी बोलून बेत असा ठरवलाय. तूस आम्लात धुऊन सिलिका काढायची. तिच्यावर अ‍ॅल्युमिनियम नायट्रेटचं द्रावण वेगवेगळ्या प्रमाणात मुरवायचं आणि ५५० ला भाजायचं. सोबत तुलनेसाठी आम्हीच केलेलं अ‍ॅल्युमिना आणि मॅग्नेशियम ऑक्साइड. सगळ्यांवर आयसोप्रोपेनॉल, नायट्रोजनमध्ये.

अ‍ॅल्युमिनासाठी मुली बाजारातली तुरटी घ्यायला निघाल्या होत्या. स्वस्त आहे, पण ती पोटॅशियमची तुरटी, वर सल्फेट. अमोनियाने हायड्रॉक्साइडचा साका पाडला तरी तो लापशीसारखा घट्ट बसतो, गाळणकागद चोंदतो आणि क्षार आतच राहतात. राहिलेलं पोटॅशियम आम्लता मारतं आणि राहिलेलं सल्फेट ती वाढवतं. दोन्ही एकदम असतील तर निकालाचा अर्थच लागणार नाही. म्हणून तिथेही नायट्रेटच वापरू.

---

जुना_उत्प्रेरकवाला

बेत चांगला आहे. त्यात दोन नमुने वाढवा. एक, अ‍ॅल्युमिनियम न चढवलेली कोरी सिलिका. तिच्यावर काही होत नाही हे दाखवल्याशिवाय बाकीच्या निकालांना आधार नाही. दुसरा, सर्वांत चांगला निघालेला नमुना घेऊन त्याच्यावर मुद्दाम थोडं पोटॅशियम नायट्रेट मुरवून पुन्हा भाजलेला. प्रोपिलीन खाली आलं तर ते आम्ल जागांवरच होत होतं याचा तो उपकरणाशिवायचा उत्तम पुरावा. पोटॅशियम टप्प्याटप्प्याने वाढवा आणि वेग कुठे कोसळतो ते पाहा. थोड्याशा पोटॅशियमनेच कोसळला तर काम मोजक्या तीव्र जागा करत होत्या. हळूहळू उतरला तर साधारण सगळ्याच करत होत्या.

---

गिरणीवाला

मॅडम, दोन पोती तूस भरून ठेवला. एक नवीन धानाचा, एक जुन्याचा, दोन्हीत तनस नाही. बॉयलरमधली राखही पायजे असन त वेगळी देतो, काळी अन् पांढरी निवडून.

---

वैनगंगाकाठ

भाऊ, राखही नक्की द्या, आणि शक्य असेल तर जाळीवरचे खडेही. मुलींना पोटॅशियम तिथे किती साठलंय ते ज्वाला-प्रकाशमापीवर मोजता येईल. सोमवारी दुपारी कॉलेज सुटल्यावर आम्ही मिलवर येतो.